पाण्याच्या परीक्षणाची अभ्यास-सहल : कोथरूड परिसराची योजना

शाळेच्या वार्षिक नियोजनात 'परिसर-अभ्यास सहल' असा एक रकाना असतो आणि तो दरवर्षी भरलाही जातो. मुले गाडीत बसतात, एखादे देऊळ, एखादी बाग पाहतात, सावलीत बसून डबे सोडतात आणि दिवेलागणीच्या सुमारास घरी परततात. या आनंदास नावे ठेवण्याचे कारण नाही. तथापि दुसऱ्या दिवशी वर्गात 'काल आपण काय पाहिले?' असे विचारले असता जे उत्तर मिळते, ते पुष्कळदा घरी बसूनही देता आले असते. म्हणून त्या दिवसास अभ्यासाचा दिवस म्हणता येत नाही. अभ्यास-सहलीतून मुलांनी असे काही मोजून आणावे, की जे त्या जागी व त्या घटकेस त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणी मोजलेले नाही. पाण्याचे परीक्षण हा विषय यास फार सोयीचा आहे. साधने थोडी, खर्च अल्प, आणि पाणी कोणत्याही गावी आहेच.

इयत्ता सहावी व सातवीच्या वर्गांसाठी कोथरूड परिसरात अशी सहल कशी आखावी, याची योजना येथे दिली आहे. कोथरूड हे पुणे शहराचे गजबजलेले उपनगर. जिल्हा परिषदेच्या शाळांनी तेथे जाऊन काय पाहावे, असा प्रश्न कोणास पडेल. मुळशी तालुक्यातील भूगाव, भुकूम यांसारख्या पौड रस्त्यावरील गावांच्या शाळांस ते वाटेवरचे ठिकाण आहे. दौंड, इंदापूर या तालुक्यांतील शाळांस ते दूर पडते, परंतु त्या पाण्याशी त्यांचा संबंध अधिक जवळचा आहे. खडकवासल्याहून आलेले पाणी शहरात वापरले जाते; वापरलेले पाणी, शुद्ध केलेले असो वा नसो, अखेर मुठेच्या खोऱ्यात उतरते; मुठा संगमावर मुळेस मिळते; मुळा-मुठा पूर्वेकडे वाहत जाऊन भीमेस मिळते; आणि भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात साठते. कोथरूडच्या मोरीतून निघालेले पाणी इंदापूरच्या शिवारापर्यंत जाण्यास वाटेत एकही डोंगर आडवा येत नाही.

योजनेचा नमुना मात्र फार लांबून घेतला आहे. उत्तर ध्रुवापासून सुमारे १२०० किलोमीटरांवर, स्वालबार्ड बेटांतील न्यू-ओलसुंद या वसाहतीत, भारताने २००८ साली 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र उघडले. त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. तेथील काँग्सफ्योर्ड या खाडीत २०१४ साली 'इंडआर्क' नावाची वेधयंत्रे पाण्याखाली सोडण्यात आली. पाण्याचे तापमान किती, क्षारता किती, हिमनदीचे वितळलेले पाणी समुद्रात मिसळते तेव्हा काय घडते, हे प्रश्न तेथे अभ्यासले जातात. म्हणजे मोजमापे पुष्कळशी तीच, जी मुलांस ओढ्याच्या काठी घेता येतात. फरक असा, की तेथे जाणाऱ्या अभ्यासकाची एखादी बाटली घरी राहिली, तर ती विकत आणावयास कोपऱ्यावर दुकान नाही, आणि हुकलेली नोंद उद्या जाऊन करू असे म्हणण्याची सोय नाही. त्यामुळे कोणते पाणी, कोठे, किती वाजता, कोणत्या बाटलीत आणि कोणाच्या हाताने घ्यावयाचे, हे निघण्यापूर्वी कागदावर ठरलेले असते. कोथरूडात चौकाचौकात दुकान आहे. आखणीत ढिलाई शिरते ती याच भरवशावर. शिक्षकांनी ही सहल ध्रुवाकडे निघाल्याप्रमाणे आखावी.

प्रश्न कोणता घ्यावा

सहलीस एकच प्रश्न असावा. 'कोथरूडचे पाणी दूषित आहे काय?' हा प्रश्न घेऊ नये. त्याचे उत्तर मुले गाडीत बसण्यापूर्वीच देतात आणि मग दिवसभर त्या उत्तरास साजेशा खुणा शोधतात. त्याऐवजी 'टेकडीवर पडलेला पाऊस ओढ्याने मुठेपर्यंत जातो, तेवढ्या वाटेत त्या पाण्यात कोणता फरक पडतो?' असा प्रश्न घ्यावा. यात मोजावयास काही आहे, तुलना आहे, आणि उत्तर आधी ठाऊक नाही.

या प्रश्नास कोथरूडची भूमी अनुकूल आहे. उत्तरेच्या अंगास वेताळ टेकडीची रांग आहे. तिचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. कोथरूडचे ग्रामदैवत म्हातोबा, त्याची टेकडीही याच बाजूस. आग्नेयेस मुठा वाहते, तिचे पात्र सुमारे ५५० मीटर उंचीवर. म्हणजे थोडक्या अंतरात अडीचशे मीटरांचा उतार आहे, आणि टेकडीचे ओढे त्या उतारावरून वस्तीतून वाट काढीत नदीस मिळतात. टेकडी सर्व काळ्या पाषाणाची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांची. पावसाचे पाणी त्या खडकाच्या भेगांतून झिरपते, काही अंशी त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम घेऊन पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. बावधनच्या बाजूस राम नदीच्या काठी असे झरे आहेत. शिक्षकांस वेळ असेल तर त्यांपैकी एखाद्याचे तापमान मुद्दाम घ्यावे. दिवसाच्या उन्हाने ओढा तापतो, तसा झरा तापत नाही.

चार ठिकाणे पुरेत : टेकडीच्या उतारावरील ओढा, तोच ओढा वस्तीतून बाहेर पडतो ती जागा, राजाराम पुलाजवळील मुठेचे पात्र, आणि तुलनेसाठी वस्तीतील नळ. पाचवे ठिकाण वाढविण्याचा मोह आवरावा. वेताळ टेकडीवर जुन्या खाणीत पाणी साठलेले आहे व ते मुलांस फार आकर्षक वाटते, परंतु खाणीचे काठ तुटके व पाणी खोल असते. तेथे मुलांस नेऊ नये.

ऋतूचा विचार आधी करावा. टेकडीचे ओढे पावसाळी आहेत. उन्हाळ्यात वरची जागा कोरडी आणि खालच्या जागी केवळ सांडपाणी, अशी स्थिती असते. मग तुलना कशाची करणार? ऐन पावसात ओढा गढूळ, वाट निसरडी आणि नदी धोक्याची. यास्तव सप्टेंबरचा शेवटचा किंवा ऑक्टोबरचा पहिला आठवडा निवडावा, आणि आदले दोन दिवस उघाड असेल असा दिवस साधावा. शक्य असल्यास जानेवारीत त्याच जागी पुन्हा जावे.

वेळेची अडचण

येथे एक मुद्दा असा आहे, की ज्याकडे बहुतेक योजनांत दुर्लक्ष होते. समजा, सर्व मुले सकाळी आठ वाजता टेकडीवर गेली आणि तेथून उतरत दुपारी बारा वाजता नदीवर पोहोचली. टेकडीवरच्या ओढ्याचे तापमान २२ अंश व नदीचे २७ अंश भरले. मुले लिहितील, 'वस्तीतून जाताना पाणी पाच अंशांनी तापते.' हे अनुमान टिकणार नाही. कारण मधल्या चार तासांत सूर्यही वर चढला आहे. जागा बदलली आणि वेळही बदलली, तेव्हा फरक कोणामुळे पडला हे सांगता येत नाही.

यावर उपाय सोपा आहे, पण त्यास दोन शिक्षक लागतात. वर्गाचे दोन भाग करावेत. एका भागाने टेकडीकडून नदीकडे यावे, दुसऱ्याने त्याच वेळी नदीकडून टेकडीकडे जावे. मध्यान्ही दोघांनी कर्वे पुतळ्याच्या परिसरात भेटून जेवावे आणि उरलेली ठिकाणे जेवणानंतर पुरी करावीत. म्हणजे प्रत्येक जागेची एक नोंद सकाळची व एक दुपारची अशी हाती येते. दोन्ही नोंदी पुढे ठेवल्या की जागेचा फरक कोणता आणि वेळेचा कोणता, हे मुलेच सांगू लागतात. एकच शिक्षक असेल तर ठिकाणे दोनच घ्यावीत आणि पहिल्या ठिकाणी परत येऊन पुन्हा मोजावे. थोड्या ठिकाणांची विश्वसनीय नोंद अनेक ठिकाणांच्या संशयास्पद नोंदींहून अधिक उपयोगी असते.

शाळेतील पूर्वतयारी

सहलीपूर्वी किमान तीन तासिका शाळेतच द्याव्यात. पहिल्या तासिकेत तापमाप्या तपासाव्यात. लाल द्रवाच्या घ्याव्यात; पाऱ्याच्या घेऊ नयेत, फुटल्यास पारा आवरत नाही. एका पेल्यात बारीक फोडलेला बर्फ व थोडे पाणी घेऊन सर्व तापमाप्या त्यात ठेवाव्यात. वितळत्या बर्फाचे तापमान शून्य अंश असावयास हवे. एखादी एक अंश दाखवील, एखादी उणे अर्धा. तसे आढळल्यास ती टाकून न देता तिच्या दांडीस चिठ्ठी बांधावी : 'ही एक अंश जास्त दाखविते.' ज्या साधनाची खोड ठाऊक आहे, त्या साधनाने काम होते. ध्रुवाकडील पाणी किती गार असते, याची कल्पना देण्यासही हाच पेला उपयोगी पडतो. तेथील समुद्राचे पाणी तर खारट असल्यामुळे शून्याच्याही खाली, सुमारे उणे १.८ अंशांवर गोठते.

दुसऱ्या तासिकेत शाळेच्या नळाच्या पाण्यावर सर्व कृती करून पाहाव्यात. तिसऱ्या तासिकेत तुकड्या पाडाव्यात. सहा मुलांची एक तुकडी : दोघे मोजणारे, एक वेळ पाहणारा, एक लिहिणारा, एक साहित्य सांभाळणारा, आणि एक असा की ज्याने दुसऱ्यांदा मोजावे. हा सहावा फार महत्त्वाचा. पहिल्याचा आकडा त्यास सांगू नये. त्याने स्वतंत्रपणे मोजून लिहावे.

काय मोजावे

प्रथम हवेचे तापमान सावलीत घ्यावे, नंतर पाण्याचे. तापमापी दोन मिनिटे पाण्यात धरून पाण्यातच असताना वाचावी; बाहेर काढून उजेडात धरून वाचण्याची सवय मुलांस असते, आणि तेवढ्यात आकडा बदलतो.

तापमानाचे महत्त्व मुलांस प्राणवायूच्या मार्गाने पटवून द्यावे. मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात, आणि पाणी जितके गार तितका प्राणवायू त्यात अधिक मावतो. समुद्रसपाटीवर शून्य अंशाच्या गोड्या पाण्यात एका लिटरमध्ये सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. २० अंशांस ९.१, आणि ३० अंशांस केवळ ७.६. पुणे उंचावर असल्याने येथे आकडे किंचित कमी. म्हणजे न्यू-ओलसुंदच्या ओढ्यात जेवढा प्राणवायू सहज मावेल, त्याच्या निम्म्याच्या आसपासच कोथरूडच्या उन्हाळी ओढ्यात मावणार, आणि त्या निम्म्यातही सांडपाण्यातील घाण कुजविणारे जीवाणू वाटेकरी होतात. पाण्यातील प्राणवायू मोजण्याची रीत हंगेरीच्या विंकलर या शास्त्रज्ञाने १८८८ साली दिली; तथापि तीत तीव्र आम्ल वापरावे लागते, म्हणून प्राथमिक शाळेने ती करू नये. तापमान घ्यावे, वरील आकड्यांवरून जास्तीत जास्त किती प्राणवायू असू शकेल हे काढावे, आणि पाण्यास वास आहे काय, बुडबुडे आहेत काय, मासे दिसतात काय, हे शेजारी लिहावे. 'असू शकेल' आणि 'आहे' या दोन शब्दांतील अंतर मुलांच्या लक्षात राहिले तर तासिकेचे चीज झाले.

दुसरे मोजमाप पारदर्शकतेचे. इटलीतील खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की याने १८६५ साली भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते हे पाहिले. आजही सरोवरांच्या अभ्यासात ती तबकडी वापरतात. ओढा उथळ असल्यामुळे तेथे तबकडीऐवजी नळी घ्यावी. सुमारे एक मीटर लांबीच्या पारदर्शक प्लास्टिक नळीचे एक तोंड बुचाने पक्के बंद करावे, बुचाच्या आतल्या बाजूस काळा-पांढरा ठिपका रंगवावा आणि बाहेरून सेंटिमीटरांच्या खुणा कराव्यात. पाणी हळूहळू ओतीत वरून पाहावे. ठिपका दिसेनासा झाला की थांबून उंची लिहावी. निरीक्षकाची सावली नळीवर पडावी, ऊन पडू नये. या एका साधनावर मुलांचे जेवढे प्रेम बसते तेवढे दुसऱ्या कशावरही बसत नाही, असा अनुभव आहे.

तिसरे, पाणी सुफेन की दुष्फेन. एकाच आकाराच्या बाटल्यांत सारखे पाणी घेऊन साबणाच्या पाण्याचे थेंब मोजून टाकावेत व हलवावे. फेस एक मिनिट टिकेपर्यंत किती थेंब लागले ते लिहावे. साबण खराखुरा हवा. कपड्यांच्या धुण्याची पूड चालणार नाही, कारण ती दुष्फेन पाण्यातही फेस धरते. तुलनेसाठी स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणी शाळेतूनच न्यावे. काळ्या पाषाणातून आलेल्या झऱ्याच्या व विहिरीच्या पाण्यास पावसाच्या पाण्यापेक्षा अधिक थेंब लागण्याचा संभव असतो. किती अधिक, ते मोजूनच ठरवावे.

चौथे, सामू. कागदी पट्टी बुडवून रंग ताडून पाहावा. पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा, असे भारतीय मानक सांगते. येथेही वेळ लिहिणे अगत्याचे आहे : शेवाळ फार असलेल्या पाण्यात दुपारी सामू वाढतो, कारण उन्हात शेवाळ पाण्यातील कर्बवायू घेते; रात्री तो पुन्हा उतरतो.

बाटली भरण्याची रीत आधी घटवून घ्यावी. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, तोंड प्रवाहाकडे करावे, पृष्ठभागाच्या वीतभर खाली बुडवावी, तळाचा गाळ ढवळू नये, आणि घेणाऱ्याने प्रवाहाच्या खालच्या बाजूस उभे राहावे. टेकडीवरच्या ओढ्यावर हे मुलांनी करावे. वस्तीतील ओढ्यावर शिक्षकांनीच, रबरी हातमोजे घालून, दोरी बांधलेल्या डब्याने पाणी काढावे. मुलांनी त्या पाण्यास हात लावू नये. पायास जखम असलेल्या मुलास काठावर उतरू देऊ नये, लेप्टोस्पायरोसिसचा जंतू अशा जखमेतून शिरतो. नदीचे पाणी पात्रात न उतरता वरूनच बादलीने काढावे.

'गुरुजी, हे पाणी प्यायचे का?'

हा प्रश्न प्रत्येक सहलीत निघतो. बहुधा टेकडीवरचे पाणी नळीत काठोकाठ भरूनही ठिपका स्वच्छ दिसतो तेव्हा निघतो. त्याचे उत्तर शिक्षकांनी अत्यंत जबाबदारीने द्यावे.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात गिलियन-बारे या आजाराची साथ उद्भवली. हातापायांतील शक्ती जाते, काहींस श्वास घेणे अशक्य होते. रुग्णांची संख्या दोनशेवर गेली व काही दगावले. पुष्कळ रुग्ण नांदेड, किरकटवाडी, धायरी व सिंहगड रस्त्याच्या परिसरातील होते, म्हणजे कोथरूड-वारज्याच्या समोर, मुठेच्या पलीकडच्या तीरावरचे. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कँपिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू व नोरोव्हायरस आढळले. दूषित पाणी किंवा अन्न यांतून हे जंतू पोटात जातात. आजाराच्या शास्त्रीय तपशिलात मुलांस नेण्याचे कारण नाही. परंतु एवढे त्यांस सांगितलेच पाहिजे, की हे जंतू पाण्याचा रंग पालटीत नाहीत, वास आणीत नाहीत, नळीतील ठिपका झाकीत नाहीत, सामू हलवीत नाहीत. वरील चारही परीक्षणांत पाणी निर्दोष ठरले तरी ते पिण्यास योग्य आहे, असे म्हणता येत नाही.

मग या परीक्षणांचा उपयोग काय, असे हुशार मूल विचारील, आणि ते विचारील तर बरेच. त्यांनी पाण्याचा प्रवास कळतो, त्याची प्रकृती कळते, कोठे काय मिसळले याची शंका घेता येते. जंतूंचा निर्णय करण्यास निराळी परीक्षा लागते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जीवाणू मुळीच आढळता कामा नये, आणि ही तपासणी प्रयोगशाळेचे काम आहे. शाळेस यातील दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. एक, हायड्रोजन सल्फाइडची बाटली. ही रीत भारतीय शास्त्रज्ञांनीच १९८२ साली प्रसिद्ध केली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवावयाचे. एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर पाण्यात मैल्याचा संसर्ग असल्याचा संशय घ्यावयाचा. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमधून ग्रामपंचायतींस क्षेत्रीय तपासणी संच देण्यात आले. त्यांत अशा बाटल्या असतात. त्या बाटलीचे झाकण मुलांनी उघडू नये व काम झाल्यावर ती आरोग्य केंद्राकडे द्यावी. काळी पडली नाही म्हणून कोणी प्रमाणपत्र लिहू नये.

दुसरी, ओ.टी. परीक्षा, जी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करीत असतो. नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले असता पिवळा रंग आला, तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम तरी असावा. थेंब शिक्षकांनी टाकावेत आणि ते पाणी लगेच ओतून द्यावे. कोथरूडच्या नळाचे पाणी घ्यावयाचे असेल तर ते थेट येणाऱ्या नळाचे घ्यावे, गच्चीवरील टाकीचे नव्हे. साठवणीत क्लोरीन उडून जातो. टाकीचेही दुसऱ्या पेल्यात घेतल्यास ही गोष्ट मुलांच्या डोळ्यांसमोरच सिद्ध होते. मुलांनी पिण्याचे पाणी मात्र शाळेतून उकळून नेलेलेच प्यावे.

नोंदवही

नोंद शिसपेन्सिलीने करावी, कारण शाई ओल्या हातास टिकत नाही. परंतु खोडरबर शाळेतच ठेवून जावे. चुकीचा वाटलेला आकडा एका रेघेने छेदावा व नवा शेजारी लिहावा. जुना वाचता आला पाहिजे. प्रत्येक पानावर जागा, दिनांक, वेळ, गेल्या चोवीस तासांतील पाऊस आणि तुकडीचे नाव हे आधी, आकडे नंतर. जे मोजता आले नाही तेथे 'मोजले नाही' असे लिहावे. शेजारच्या तुकडीचे पाहून रकाना भरू नये.

ही शिस्त सांगण्यास सोपी व पाळण्यास कठीण आहे, आणि अडचण मुलांकडून येत नाही. दोन मुलांचे आकडे जुळले नाहीत की शिक्षकच म्हणतात, 'दोहोंचे मिळून एकच लिहा,' किंवा 'पुस्तकात असे दिले आहे, तसे यावयास हवे.' त्या क्षणी मूल काय शिकते? वरिष्ठास आवडेल तो आकडा लिहावा, हे शिकते. हेच मूल उद्या गावचा जलसुरक्षक होईल. पावसाळ्यात रोजची ओ.टी. परीक्षा करून तक्ता भरील. रंग आला नसताना 'आला' असे लिहिण्याची सवय त्यास कोणत्या वर्गात लागली, हे पुढे कोणी शोधावयास येणार नाही. पण ते पाणी सारा गाव पिणार आहे. सहलीचे मूल्यमापन करताना आकडे 'बरोबर' आले की नाहीत हे पाहू नये. दुहेरी मोजणी झाली काय, छेदलेले आकडे दिसतात काय, 'मोजले नाही' असे कोठे प्रांजळपणे लिहिले आहे काय, यांस गुण द्यावेत. जी वही एकाही छेदाशिवाय परत येते, ती शाळेत बसून उतरवून काढलेली असण्याचा संभव असतो.

नदीकाठची सावधगिरी

मुठा ही धरणाखालची नदी आहे. कोथरूडात ऊन पडले असेल आणि वरच्या खोऱ्यात पाऊस पडत असेल, तर खडकवासल्याचे दरवाजे उघडून पाणी सोडले जाते व पात्र थोड्या अवधीत भरते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यावर ओढवलेला प्रसंग वडीलधाऱ्यांनी मुलांस सांगितलेला असतो; परंतु तो अपघात होता, आणि नेहमीचा विसर्गही उपेक्षा करण्याजोगा नसतो. २५ जुलै २०२४ रोजी विसर्ग वाढला तेव्हा सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. सबब सहलीच्या आदल्या सायंकाळी व निघण्याच्या सकाळी विसर्गाची चौकशी करावी. विसर्ग चालू असेल तर नदीचे ठिकाण गाळावे व वहीत तसे कारण लिहावे. विसर्ग नसला तरी मुलांस पात्रात उतरवू नये. पुलावरून बादली सोडावयाची ती शिक्षकांनी, पदपथावर उभे राहून. तुकडी काठावर थांबेल.

परतल्यावर

बाटल्यांतील पाणी दुसऱ्या दिवशी शाळेत स्थिर ठेवून तळाशी किती गाळ बसतो ते पाहावे. चार ठिकाणांचे पारदर्शकतेचे आकडे एका कागदावर टेकडीपासून नदीपर्यंत ओळीने मांडून आलेख काढावा, सकाळचा एका रंगात, दुपारचा दुसऱ्या. सर्व तुकड्यांचे आकडे त्यावर बिंदूंनी दाखवावेत. सरासरीची एकच रेघ काढून मतभेद पुसू नये. जे बिंदू इतरांपासून दूर पडतील, त्यांविषयी त्या तुकडीस विचारावे : तापमापी कोणती होती, चिठ्ठी पाहिली होती काय, ऊन होते की सावली? कित्येकदा त्या दूरच्या बिंदूचेच कारण सर्वांत मनोरंजक निघते.

नंतर हीच परीक्षणे आपापल्या गावच्या ओढ्यावर व विहिरीवर करावीत. भूगावच्या मुलांस आपले व कोथरूडचे पाणी यांची तुलना करता येईल. दौंडच्या मुलांनी मुळा-मुठेच्या काठी त्याच आठवड्यात तेच मोजल्यास आणि दोन्ही शाळांनी तक्ते एकमेकींस पाठविल्यास नदीची दोन टोके एका कागदावर येतील. दोन तक्ते जुळविण्यापूर्वी दोन्हीकडच्या तापमाप्या बर्फात तपासल्या होत्या, याची खात्री करून घ्यावी. तक्त्याची एक प्रत केंद्रप्रमुखांकडे द्यावी आणि मूळ वह्या शाळेच्या दप्तरात, साहित्याच्या यादीसह व तापमाप्यांच्या चिठ्ठ्यांसह, जपून ठेवाव्यात. पुढच्या वर्षीची सहावी त्याच जागी उभी राहील तेव्हा तिला त्या लागतील.